तिसरा कौल

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसाल तर ऐकू यायचं नाही. मी पेटीवाला माणूस, माझा आवाज बुवांसारखा मंडपाच्या टोकाला पोचत नाही. जन्मभर कीर्तनकारांच्या मागे बसून सूर धरला, त्यांची आख्यानं ऐकता ऐकता केस पिकले. आज एक आख्यान माझं. यात राजा नाही, राक्षस नाही. एक पूल आहे, एक गुरवाची मुलगी आहे आणि तिची आत्या आहे. टाळ खाली ठेवा आणि ऐका.

आमचं करंजशेत खाडीच्या अलीकडे, भाटले पलीकडे. आमची जुगाई थोरली, त्यांची सोमजाई धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. शिमग्यात दोघींच्या पालख्या निघतात आणि खाडीच्या मधोमध भेटतात. पूर्वी होड्या एकमेकींना बांधून भेट व्हायची. लोखंडी पूल झाला तशी ती पुलाच्या मध्यावर होऊ लागली. दोन गावं दोन बाजूंनी येतात, ढोल वाजतात, पालख्या खांद्यांवर नाचतात, आणि एकीचा दांडा दुसरीच्या दांड्याला लागला की बाया डोळ्यांना पदर लावतात. आमचा चाकरमानी एक वेळ गणपतीला चुकेल, या भेटीला चुकणार नाही.

जुगाईचा गुरव दिगंबर, म्हणजे आमचा दिगूभाऊ. त्याची एकुलती बहीण प्रमिला भाटल्यात दिलेली. सगळं गाव तिला पमाआत्या म्हणतं. ती माझ्याच वयाची, पण मीही आत्याच म्हणायचो. दिगूभाऊ देवीला खांद्यावर घेऊन पुलाच्या मध्यावर यायचा आणि समोरून भाटलेकरांच्या घोळक्यात ही हातात नारळ घेऊन उभी. भेट देवींची, पण ही दोघंही वर्षभर त्या क्षणाची वाट बघायची.

पुढे पमाआत्याची मूत्रपिंडं गेली. रक्त धुण्याचं यंत्र आमच्या काठावरच्या दवाखान्यात. म्हणून एक दिवसाआड ती रिक्षाने पूल ओलांडून यायची. नळ्या लावून पडल्या पडल्या मला पद म्हणायला लावायची, आणि मी सूर सोडला की स्वतः तो उचलून पद पुरं करायची आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायची, "पेटी बरी वाजवतो हा. गळा मात्र देवाने घाईत केलान."

दिगूभाऊची मुलगी केतकी. आई लवकर गेली म्हणून अर्धी आत्याच्या ओट्यावर वाढली, अर्धी जुगाईच्या गाभाऱ्यात. शिकून पुण्याला गेली आणि भेगांचं गणित करू लागली.

आता थोडा पूर्वरंग, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घाबरू नका, तिने मला समजावलं तेवढंच सांगतो.

फरसाणाच्या पुडीला कडेला एक बारीक खाच असते. खाच नसेल तर दातांनीही पुडी फाटत नाही, असेल तर लहान मूलही फाडतं. सगळी ओढ त्या खाचेच्या टोकाशी येऊन गोळा होते. लोखंडातल्या भेगेचंही तसंच. सोप्या गणितात तर भेगेच्या अगदी टोकावरचा ताण अनंत येतो. अनंत आपण देवाला म्हणतो, लोखंडाला तो कसा पेलावा? म्हणून टोकाजवळचं लोखंड लवतं. केसातली पिन थोडी वाकवून सोडली तर सरळ होते, फार वाकवली की वाकलेलीच राहते. तसं भेगेच्या टोकाभोवती कायमच्या लवलेल्या लोखंडाचं एक इवलंसं बेट तयार होतं. जे लवलं ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, पण भेगेला काही काळ तेच अडवून धरतं.

कधी मोठा भार येतो आणि भेगेला फाटा फुटतो. एकीच्या दोन होतात. मग ताण वाटला जातो. दोन जावांनी मिळून हंडा उचलावा तशी दोन्ही टोकं एकमेकींच्या आधाराने उभी राहतात, आणि भेग थबकते. पण दोघी कायम बरोबरीने राहत नाहीत. एक जरा पुढे सरकली की मागची नुसतीच राहते, सगळा हंडा पुढचीच्या डोक्यावर येतो आणि ती धावत सुटते. हे कधी होईल, किती भाराने होईल, याचं गणित फार किचकट. ज्या मंडळींनी ते सोडवलं त्यांत केतकी होती.

त्या गणितावर यंत्र उभं राहिलं. लोखंड लवताना बारीक आवाज करतं, आपल्या कानांना न ऐकू येणारा. यंत्र पुलाला कान लावून बसतं, त्या आवाजांवरून भेग कुठे, फाटे किती, चाल केवढी हे ओळखतं आणि पुलाच्या तोंडाशी दिवा लावतं, हिरवा नाहीतर तांबडा. कागदावर त्याचं नाव हातभर लांब होतं. केतकीने त्याला गुरवाच्या घरातला शब्द दिला, कौल. देवीला विचारतात तसं पुलाला विचारायचं. नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि थोड्या वर्षांत पूल तिथे कौल झाला. पूर्वी पुलाखाली उतरून हातोडीने ठोकून बघणारी माणसं असायची, ती हळूहळू घरी बसली. आमच्याकडचे लोक तर हिरव्या दिव्याला नमस्कार करून पूल ओलांडायचे. मीही करायचो.

पूर्वरंग संपला. आता आख्यान.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी केतकी घरी आली. त्याआधीच्या हिवाळ्यात पवनचक्कीचं अवाढव्य पातं घेऊन एक ट्रेलर पुलावरून गेला होता आणि तांबडा दिवा लागला होता. मध्यावरच्या एका जोडपट्टीतल्या भेगेला फाटा फुटला होता. पण दुरुस्तीची माणसं यायच्या आतच यंत्राला आवाज येईनासे झाले आणि दिवा पुन्हा हिरवा झाला. यंत्राच्या बोलीत, भेग विसावली. दुरुस्ती मागे पडली. केतकी आली ती सवयीने पुलाखालच्या शिडीवर उतरली, भिंग लावून त्या जोडपट्टीकडे बघत राहिली, आणि वर आली तेव्हा चेहरा उतरलेला.

दिगूभाऊ देवळात पालखीची रूपं घासत होता. रूपं म्हणजे देवीचे चांदीचे मुखवटे. मी बाजूला पेटीचा भाता तपासत बसलो होतो. केतकी बापाला म्हणाली की यंदा भेट पुलावर नको.

तिचं म्हणणं असं. लोखंडाला आठवण असते. एकदा जेवढं ओझं सोसलं, तेवढ्यापर्यंत ते पुन्हा कुरकुरत नाही. त्याहून जास्त पडलं की मगच बोलतं. ट्रेलर गेल्यापासून तेवढं ओझं पुलावर आलेलंच नाही, म्हणून पूल गप्प आहे. बरा झाला म्हणून नव्हे. दोन फाट्यांतला एक दुसऱ्याला मागे टाकून पुढे गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. आणि दोन गावं मध्यावर दाटून, एका ठेक्यात नाचली, तर तो भार ट्रेलरच्या वर जाणार होता.

दिगूभाऊने हातातलं रूप उजेडाला धरून पाहिलं. "शुभ कामात फाटे फोडू नको गो."

"फाटे मी नाही फोडले, बाबा. ते आधीच फुटलेत."

सरपंच नंदू शिगवण तेवढ्यात आला. माणूस वाईट नाही, पण पूल त्याने मंत्र्यांच्या मागे लागून आणलेला, त्याला कुणी बोललं की त्याला स्वतःलाच बोलल्यासारखं वाटे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "दिवा हिरवा आहे. यंत्र तुझंच. यंत्र एक सांगतं, तू एक सांगतेस. बाय, आधी तुम्ही दोघी बसून मिटवा, मग गावाला सांगा." देवळात हशा पिकला. केतकीही हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

सगळे गेल्यावर ती पायरीवर येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "पेटीकाका, कौल किती असतात?"

आमच्याकडे कौल लावतात ते तुम्हाला माहीत असेल. गुरव पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी तसं सांगितलं.

"आणि पडलीच नाही तर?"

पडली नाही तर देवी बोलत नाही. गुरव तिथेच थांबतो, विहिरीचं नवं पाणी आणतो, प्रश्न बदलून पुन्हा विचारतो. तोवर कामाला हात लावायचा नाही.

"मी गुरवाची पोर," ती म्हणाली. "यंत्राला कौल नाव मी दिलं, आणि कौल मात्र दोनच दिले. गप्प राहिला तर हो समज, असं मीच शिकवलं त्याला. तिसरा मी विसरले."

मग तिने पुण्याला आपल्या वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी तिला झिडकारलं नाही. एवढंच म्हणाले की तू म्हणतेस ते खरं असेल, तर राज्यातला प्रत्येक हिरवा दिवा संशयात येतो. पुराव्याशिवाय तोंड उघडू नकोस. पुरावा मिळवायचा मार्ग एकच होता. प्रश्न बदलून विचारायचा, म्हणजे पुलाला आजवरच्यापेक्षा जास्त ओझं द्यायचं. मध्यावर मोठाल्या रबरी पिशव्या ठेवायच्या, काठावरून पंपाने त्यांत खाडीचं पाणी भरत जायचं, माणूस एकही पुलावर नाही. लोखंड बोलू लागलं की दोरी ओढून पाणी सोडून द्यायचं. पुलाला बोलतं करायचं होतं, मोडायचं नव्हतं. पण मोडणारच नाही असं ती म्हणू शकत नव्हती.

आणि मोडला तर पहिला घाव कुणावर, ते ती पहिल्यापासून जाणून होती.

मी तिच्याबरोबर भाटल्याला गेलो. पमाआत्या चुलीपुढे बसून पुरणपोळ्या करत होती. तिला स्वतःला खायची बंदी, पण गावजेवणाच्या पोळ्या दुसऱ्या कुणाच्या हातच्या तिला पसंत नसत. केतकीने सगळं सांगितलं, काहीच झाकून ठेवलं नाही. आत्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "माझ्या रिक्षाएवढा पूल पुरेल ना?"

"पुरेल. कदाचित खूप वर्षं पुरेल."

"आणि पालखीला?"

"नाही."

"तू सांगून थांबतील?"

"दिवा हिरवा असताना नाही थांबणार."

आत्याने तव्यावरची पोळी उलटली. फुगली होती, छान डाग पडले होते. "मग विचार त्याला."

 केतकी म्हणाली की पूल गेला तर वळशाच्या रस्त्याने दवाखाना गाठायला दिवस मोडेल, तेवढा आत्याला झेपायचा नाही. आणि होडी ओहोटीला चिखलात बसते.

"मी या गावात होडीतूनच आले, नवरी म्हणून. नथ सांभाळत, मळमळ गिळत," आत्या म्हणाली. "पालखीच्या पुढल्या दांड्याला कोण असतो, माहीत आहे ना? मला दुसरा भाऊ नाही, बाय."

मग तिने आम्हाला एकेक पोळी खायला लावली. 

गावात परत आलो तर नंदूने सगळ्यांना देवळात बोलावलेलं. पाण्याच्या पिशव्यांची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो म्हणाला, यंत्राचा कौल झाला, आता आईचा कौल लावा आणि विषय संपवा. दिगूभाऊने अंघोळ केली, कळ्या लावल्या, हात जोडून गाऱ्हाणं घातलं. पुलावर भेट झाली तर तुला चालेल का, हो तर उजवी दे. सगळं देऊळ कळ्यांकडे डोळे लावून बसलं. समईची वात चरचरत होती, बाकी आवाज नाही. कळ्या हलल्या नाहीत.

बराच वेळ गेला. नंदू हळूच म्हणाला, "नाही म्हणाली नाही ना आई?"

दिगूभाऊने वळून बघितलं. त्या वेळी त्याने नुसती मान डोलावली असती तरी गाव ढोल घेऊन उठलं असतं. भेटीची आस त्यालाही होतीच, आणि आयुष्यभर देवीपेक्षा कुणाला मोठं मानलं नव्हतं, लेकीला तर नाहीच. पण गाभाऱ्यात उभा राहून तो खोटं बोलू शकला नाही.

"बोलली नाही म्हणजे हो नव्हे," तो म्हणाला. "पुन्हा विचारायचं असतं. पोरीला पुलाला विचारू द्या."

आत्या चुलीपुढे काय बोलली ते आम्ही दोघांनीही त्याला सांगितलं नव्हतं.

भेटीच्या आदल्या दिवशी, भरतीच्या वेळेला, पंप सुरू झाला. दोन्ही काठांवर गावं जमलेली. मध्यावर पिशव्या फुगत चालल्या, एकेक गाभण म्हशीएवढी. पोरांनी टिंगल केली की पुलाला धुळवडीची आंघोळ घालतायत. दिवा हिरवाच. पाणी ट्रेलरच्या ओझ्यापर्यंत आलं, दिवा हिरवाच. नंदू माझ्याकडे बघून हसला. मग पाणी थोडं पुढे गेलं, आणि दिवा एकदम तांबडा झाला.

केतकीने दोरी ओढली. पिशव्यांची तोंडं उघडली, उन्हात दोन्ही बाजूंनी पाण्याचे पडदे खाडीत कोसळू लागले, आणि क्षणभर वाटलं, वाचला. तेवढ्यात आवाज आला. फार मोठा नव्हता. भर कीर्तनात तंबोऱ्याची तार तुटावी तसा, एकच. पुलाचा मधला भाग वाकला, थोडा थांबला, आणि म्हैस पाण्यात बसते तसा सावकाश खाडीत बसला. जिथे दुसऱ्या दिवशी दोन पालख्या नाचायच्या, तिथे फेस उरला.

 नंदू जागेवरच खाली बसला. त्याची नात दरवर्षी पालखीपुढे नाचायची. बसल्या बसल्याच त्याने केतकीला हात जोडले. पण संध्याकाळपर्यंत दुसरी बोली सुरू झाली होती. पूल चांगला उभा होता की, पाण्याच्या पिशव्यांनी पाडला. गुरवाच्या पोरीने यंत्राची खाज भागवली. जे घडलं नाही ते लोकांना दाखवणार कसं? पडलेला पूल मात्र सगळ्यांना दिसत होता.

भेट जुन्या रीतीने होड्यांत झाली. भाटल्याच्या होडीत पमाआत्या बसून आली. दांड्याला दांडा लागला, ढोल वाजले. दिगूभाऊला नारळ देताना होडी हलली आणि नारळ पाण्यात पडला. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "राहू दे रे, खाडीची ओटी भरली," म्हणाली.

पावसाआधी लष्कराचा तात्पुरता पूल येणार होता. तो आला नाही. नुसत्या कागदांवर सह्या होत राहिल्या. आत्या होडीने येत-जात राहिली, भरतीची वेळ आणि दवाखान्याची वेळ जुळली तर. जुळली नाही की एक खेप चुकायची. पाय सुजू लागले. केतकी पुण्याहून सारखी येत होती, तिला पुण्याला न्यायच्या मागे लागली होती, पण आत्या म्हणे, सोमजाईला सोडून मी कुठे जाऊ. श्रावणात एक दिवस निघायला उशीर झाला आणि ओहोटीला होडी आमच्या काठाला लागायच्या आधीच गाळात रुतली. काठावर रिक्षा उभी होती. ती तिला दिसत होती. आम्ही चिखलात उतरलो, फळ्या टाकल्या. पोचलो तेव्हा होडीवाला तान्हाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, शेवटपर्यंत काहीतरी गुणगुणत होती, शब्द कळले नाहीत.

आत्याचं दिवसकार्य झाल्यावर केतकीने बापाला चुलीपुढचं सगळं सांगितलं. दुसरा भाऊ नाही, हेही सांगितलं. दिगूभाऊने ऐकून घेतलं आणि गाभाऱ्यात निघून गेला. त्यानंतरही तो तिच्याशी बोलतो. जेवलीस का, गाडी कधीची आहे, सगळं बोलतो. त्या एका गोष्टीवर मात्र दोष देत नाही, आणि तुझा दोष नाही असंही म्हणत नाही. केतकी दर शिमग्याला येते, देवळाच्या उंबऱ्याशी बसते, आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहते. कळी अजून पडलेली नाही.

यंत्रांत आता तिसरा दिवा आहे, पांढरा. केतकीने भांडून घालायला लावला. पांढरा म्हणजे पूल बोलत नाही, ओझं देऊन विचारल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे जागोजागी गाड्या अडतात, लोक वैतागतात, हे मला माहीत आहे.

उद्या तुम्ही घाट उतरून घरी जाल. वाटेत कुठेतरी पांढरा दिवा लागेल, रांग थांबेल, ड्रायव्हर तोंड सोडेल. त्याला काही बोलू नका. काच खाली घ्या, थोडा वारा येऊ द्या, आणि तेवढ्या वेळात आमच्या पमाआत्याची आठवण काढा. भाटल्याची प्रमिला. पोळ्या सुरेख करायची, आणि तिचा गळा देवाने सवडीने केला होता.